सुचौमध्ये पिंगज्यांग की शानथांग?

चीनमधल्या सुचौला दोन दिवस निवांत जायचं ठरवलं आणि फोटो बघायला बसलं की हमखास गोंधळ होतो, कालवा, पांढऱ्या भिंती, काळी कौलं, कमानीचा दगडी पूल, खाली कुणी पिंगज्यांग लिहितं कुणी शानथांग, मग वाटतं कालव्याकाठच्या या दोन रस्त्यांपैकी एक बघितला की झालं. तसं अजिबात नाहीये.

पिंगज्यांग रोड जुन्या शहराच्या पोटात आहे. पिंगज्यांग हे शहराचंच सोंग राजघराण्याच्या काळातलं नाव. १२२९ साली दगडात कोरलेला शहराचा नकाशा अजून सुचौतच जपून ठेवलाय आणि त्यातली रस्त्याला लागून कालवा ही मांडणी इथे आजही तशीच चालून बघता येते. रस्ता दीडएक किलोमीटरचाच, पण मेन रस्त्यावर दुकानं आणि गर्दी, खरी मजा आडव्या बोळांत. सकाळी आठच्या आत जा. घरांच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आपल्या घाटासारख्या, फक्त एका घरापुरत्या. तिथे एक आजी बसून मॉप धूत होत्या, वरती काठीवर कपडे वाळत होते, आणि मी तिथेच अर्धा तास बसले. बोळातच खुन्छू नाट्यसंगीताचं म्युझियम आहे, तेही बघाच.

शानथांग मात्र शहराच्या तटाबाहेरचा. थांग म्हणजे बांध. बाय ज्यूयी हा थांग राजघराण्याच्या काळातला (हा थांग वेगळा) मोठा कवी इथला सुभेदार होता, त्याने ८२५ साली छांगमेन वेशीपासून टायगर हिलपर्यंत कालवा खोदून घेतला आणि निघालेल्या मातीचा बांध घातला, तोच हा रस्ता. म्हणजे पिंगज्यांग राहायची वस्ती आणि शानथांग कुठेतरी पोचवणारी वाट, जवळजवळ साडेतीन किलोमीटरची. पण बहुतेक लोक वेशीकडचे लाल कंदील, बोटी आणि दुकानं बघून मागे फिरतात आणि म्हणतात की नुसता बाजार आहे, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे गर्दी विरळ होते, साधी राहती घरं लागतात, आणि मग पाच जणांची समाधी येते. १६२६ मध्ये दरबारातल्या खोजाच्या जुलमाविरुद्ध सुचौची जनता उठली, त्यात ज्यांची मुंडकी उडवली ती ही पाच साधी माणसं. शेवटी टेकडीवर ९६१ सालचा विटांचा पॅगोडा, चांगलाच कललेला.

राहायला पिंगज्यांगजवळ बघा, सकाळ तिथेच जाते. शानथांग दुसऱ्या दिवशी दुपारी आणि उलटा करा, म्हणजे आधी टायगर हिल, मग कालव्याच्या कडेने रमतगमत वेशीकडे, पोचेपर्यंत कंदील लागलेले असतात आणि त्याच टोकाला मेट्रोच्या २ नंबर लाइनचं स्टेशन आहे. तीच लाइन सुचौ आणि सुचौ नॉर्थ दोन्ही रेल्वे स्टेशनांना जाते, फक्त तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आधी वाचा, नॉर्थ बरंच लांब पडतं.