ज्याचं त्याचं पथ्य, शेजार सगळ्यांचा

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावी जे ताम्रपट सापडले, त्यांतला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र गादीवर होता आणि संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. या मुसलमान अधिकाऱ्याने नदी ओलांडायला फुकट नावेची सोय केली आणि संजाणात अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, त्याने जमीन दिली, ती कशासाठी हेही कोरून ठेवलं आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचं जेवण. कोकणच्या इतिहासाच्या गप्पांत हा ताम्रपट क्वचितच निघतो, याची मला फार खंत वाटते.

हा योगायोग नव्हता. त्याच्या दहाएक वर्षं आधी अरब प्रवासी मसूदी चौलला येऊन गेला. शिलाहार राजा झंझ याच्या या बंदरात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्यांचे आपसातले कज्जे त्यांच्यातलाच प्रमुख सोडवी. परदेशी माणूस मोसमी वाऱ्यावर यायचा आणि परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात अडकायचा. तो काय खातो, काय खात नाही, याची दखल घेतल्याशिवाय व्यापार चालला नसता.

किनाऱ्याने सगळ्यांना जिन्नस तेच दिले: तांदूळ, नारळ, मासळी, आमसूल. त्यात पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून मिरची आणि काजू आले. पथ्यं मात्र ज्याची त्याची राहिली. माझ्या मते कोकणी शेजाराचं मर्म इथेच आहे. सगळ्यांनी एका ताटात जेवावं, असा आग्रह इथे सहसा नव्हता. शेजाऱ्याला काय चालत नाही हे लक्षात ठेवायचं आणि त्याचा मान राखायचा, एवढी रीत होती.

अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या, बेने इस्रायलींकडे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, पाहिलं की हे लख्ख दिसतं. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. सुट्टी पाळणाऱ्या तेल्याला गावाने त्या दिवशी काम करायला लावलं नाही, उलट त्या सुट्टीवरूनच त्याला ओळखलं. आडनावंही नवगावकर, किहीमकर, चेऊलकर अशी गावचीच.

मांस आणि दूध एकत्र खाणं त्यांच्या धर्मात निषिद्ध. आपल्या किनाऱ्यावर ही अडचण नारळाने सोडवली. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं की धर्मही राहतो आणि चवही. खवले आणि पर नसलेली मासळी चालत नाही, म्हणजे कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या बाद. कोणत्या दारात कोलंबीची पाटी उतरवायची नाही आणि श्रावणात कोणत्या दारावर जायचंच नाही, हे कळल्याशिवाय कोळणीचा धंदा व्हायचा नाही. नवस फेडताना आणि शुभकार्यात ते एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा आणि सोबत फळं. आपल्याकडे दिवाळीला गोडाचे पोहे होतात, त्यांचा हा सख्खा भाऊ. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा त्यांचा शोकदिवस मराठीत ‘बिरड्याचा सण’ झाला, कारण त्या दिवशी सोललेल्या कडव्या वालांचं बिरडं करायचं. खिरीचा सणही आहेच.

खुद्द हिंदू घरांत तरी एकच रीत कुठे आहे? एकाच वाडीत गौरीला कुणाकडे घावन-घाटल्याचा नैवेद्य, तर कुणाकडे तिखटाचा, वडे-मटणाचा. कोणती गौर जास्त सोवळी, यावरून वाद होत नाहीत. सांदण हिंदूंकडे फणसाच्या रसातलं, कोकणी मुसलमानांकडे नारळाच्या दुधातलं. दुसऱ्याच्या घरचं शिजलेलं न खाणाऱ्यांना लग्नकार्यात कोरा शिधा द्यायची पद्धत होती: तांदूळ, डाळ, गूळ, नारळ. त्यामुळे देणाऱ्याचा आनंद राहायचा आणि घेणाऱ्याचं पथ्यही.

पण त्याच कोऱ्या शिध्यामागे विटाळाची कल्पनाही होती, हे सांगितलंच पाहिजे. पथ्य स्वतःपुरतं असतं. विटाळ दुसऱ्या माणसाला हीन ठरवतो. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं, तरी तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही त्या तळ्याचं पाणी प्यायले. नंतर ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि जमाव परिषदेच्या मांडवात घुसला. गावोगावी परतण्यापूर्वी माणसं तिथे जेवत होती. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत कालवलं गेलं. ज्या किनाऱ्याने परक्या दर्यावर्दींची पथ्यं सांभाळली, त्यानेच आपल्या माणसांचं ताट लाथाडलं.

तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. रत्नागिरीत 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींच्या हिंदूंसाठी, आणि त्या काळात शहरात सहभोजनंही झाली. गावजेवणातली वेगळी पंगत मात्र अनेक ठिकाणी त्यानंतरही उठली नाही.

इस्रायल स्थापन झाल्यावर बेने इस्रायलींची बहुतेक घरं तिकडे गेली. अलिबाग, रेवदंडा, पनवेलची सिनेगॉग उभी आहेत. माणसं मोजकीच उरली. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत त्यांची नातवंडं राहतात. मलिदा तिथेही होतो आणि त्यात पोहेच लागतात.