कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात रेबीजची लस: पात्रता, कागदपत्रे आणि साठा संपला असेल तर काय करायचे

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. चावल्यानंतर वेळेत जखम धुतली आणि लस घेतली, तर हाच आजार टाळता येतो. म्हणून दवाखान्यात "लस संपली आहे, पुढच्या आठवड्यात या" असे सांगितले गेले, तरी ते ऐकून घरी परतू नका. खालची माहिती महाराष्ट्रातल्या सरकारी आरोग्य केंद्रांसाठी आहे.

दवाखान्यात निघण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा. 15 मिनिटे म्हणजे खरोखर घड्याळ लावून. विषाणू जखमेतच असतो तोवर त्याला हटवण्याचा हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि लसटंचाईच्या काळात तर त्याचे मोल फारच वाढते. हळद, मिरची, चुना, तेल यांतले काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका आणि टाके घालण्याची घाई करू नका.

पात्रता

ज्याला चावा बसला तो प्रत्येक जण पात्र आहे. उत्पन्नाची मर्यादा नाही, रेशनकार्डाच्या रंगाचा प्रश्न नाही, गावचा रहिवासी असण्याची अट नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे बाळ, म्हातारा माणूस, सगळ्यांना ही लस देता येते. "गरोदर आहे, बाळंतपण झाल्यावर बघू" असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका.

डॉक्टर जखमेची श्रेणी ठरवतात. प्राण्याने धडधाकट कातडीला नुसते चाटले तर श्रेणी 1, तिथे लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर श्रेणी 2, तिथे लस लागते. दात रुतले, रक्त आले किंवा जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली तर श्रेणी 3. इथे लसीसोबत जखमेत सीरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागते. मांजर, माकड, मुंगूस चावले तरी दवाखान्यात जायचेच. कुत्रा पाळीव असेल तर त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवा, पण त्या 10 दिवसांसाठी लस थांबवू नका.

कागदपत्रे

आधारकार्ड सोबत असेल तर नोंद सोपी जाते. नसेल तरी नाव, वय, पत्ता आणि मोबाइल नंबर सांगून केसपेपर निघायला हवा. लसीसाठी पोलिसांकडची तक्रार लागत नाही, कुत्र्याच्या मालकाचा दाखलाही लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेत. वन्य प्राण्याने चावा घेतला असेल तर वनविभागाची भरपाई हा वेगळा विषय आहे. त्यासाठी वनविभागाला लगेच कळवा, पण आधी लस घ्या.

पहिल्या डोसच्या दिवशी कार्ड मिळते. त्यावर पुढच्या तारखा लिहून घ्या. लस कातडीत देत असतील तर चार फेऱ्या होतात: पहिला दिवस शून्य धरून 3, 7 आणि 28. म्हणजे 1 तारखेला सुरुवात झाली तर पुढे 4, 8 आणि 29 तारीख. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर 0.1 मिलीलिटर, आणि सुई नीट कातडीत गेली की तिथे मटाराएवढा फुगवटा येतो. स्नायूत देत असतील तर पाच डोस: 0, 3, 7, 14, 28. कुल्ल्यावर ही लस घेऊ नये. पोटात चौदा इंजेक्शने देणारी जुनी लस आपल्याकडे 2004 च्या सुमारास बंद झाली, तरी त्या भीतीने आजही माणसे दवाखाना टाळतात, हे फार वाईट आहे.

साठा नसेल तर

ही लस पेशींवर विषाणू वाढवून बनते आणि उत्पादन, चाचण्या धरून काही महिने जातात. मागणी एकदम वाढली किंवा खरेदीची निविदा लांबली की मधली पोकळी लगेच भरून निघत नाही. 2018-19 मध्ये अनेक राज्यांनी हे अनुभवले. कातडीतून लस देण्याची पद्धत इथेच उपयोगी पडते, कारण 1 मिलीलिटरच्या एका कुपीत चार-पाच रुग्णांचा त्या दिवसाचा डोस होतो. मात्र उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून लहान केंद्रांत "एवढ्या जणांसाठी कुपी फोडू का" हा प्रश्न येतो. एकच रुग्ण असला तरी पहिला डोस थांबवू नये, हे आग्रहाने सांगा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून केसपेपरवर "लस उपलब्ध नाही" असे तारखेसह लिहून घ्या आणि संदर्भ चिठ्ठी मागा. मग त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय, तिथे नसेल तर उपजिल्हा रुग्णालय किंवा सिव्हिल. निघण्याआधी फोन करून लस आहे का आणि सीरम आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्या मते खरी टंचाई बहुतेकदा सीरमची असते, आणि "आहे" एवढ्या उत्तरावर रुग्ण हेलपाटा घालतो. चौकशीसाठी 104 हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे.

सीरम मिळत नसेल म्हणून लस अडवून ठेवायची नाही. लस लगेच सुरू करा. सीरम पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. साठा अपुरा असेल तेव्हा डोके, चेहरा, मान, हात यांवर चावे असलेल्यांना आणि खोल किंवा अनेक जखमा असलेल्यांना आधी द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

मधला डोस साठ्याअभावी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, मिळेल त्या दिवशी पुढचा घ्या. दुसऱ्या कंपनीची लस मिळाली तरी चालते.

तक्रार प्राथमिक केंद्राबद्दल असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सिव्हिलबद्दल असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. लेखी द्या, पोच घ्या, "लस उपलब्ध नाही" लिहिलेल्या केसपेपरची प्रत जोडा. माहितीच्या अधिकारात साठ्याची नोंद मागता येते. एरवी 30 दिवसांची मुदत असते. माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. अर्जात ते कारण स्पष्ट लिहा.

कोर्स पूर्ण झाल्यावर कार्ड फेकू नका. पुढे पुन्हा कुत्रा चावला आणि आधीच्या पूर्ण कोर्सचा पुरावा असेल, तर 0 आणि 3 या दिवशीचे दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, लहान मुलाचे असेल तर लसीकरणाच्या पुस्तिकेत टाचून ठेवा.