लिस्ट संगीत अकादमी, बुडापेस्ट : शिक्षक आणि विषय

हंगेरीतील पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या उच्च शिक्षणाची प्रमुख संस्था. स्थापना १४ नोव्हेंबर १८७५. अध्यक्ष म्हणून पियानोवादक फेरेन्त्स लिस्ट यांचे नाव होते, पण ते वर्षातले काही महिनेच बुडापेस्टला असत. रोजचा कारभार संचालक फेरेन्त्स एर्केल पाहत. सुरुवातीचे वर्ग लिस्ट यांच्या राहत्या जागेतच भरत आणि विषयही मोजकेच होते : पियानो, संगीतरचना आणि त्यांना लागणारे शास्त्र. एर्केल पियानो शिकवत, तर रॉबर्ट फोल्कमान रचना. पुढचे विषय बहुतांशी त्या त्या विषयाचा समर्थ शिक्षक मिळाला तसे रुजले.

येने हुबाई (व्हायोलिन) आणि डेव्हिड पॉपर (चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे, खर्ज आवाजाचे वाद्य) १८८६ मध्ये आले आणि तंतुवाद्यांचे शिक्षण भक्कम झाले. पॉपर यांचे शिष्य अडॉल्फ शिफर, शिफर यांचे यानोश श्टार्कर. चेलोची ही परंपरा तीन पिढ्या सरळ दाखवता येते. पियानोत लिस्ट यांचे शिष्य इश्त्वान तोमान यांनी संगीतकार आणि पियानोवादक बेला बार्टोक यांना घडवले आणि १९०७ मध्ये तोमान यांची जागा बार्टोक यांनाच मिळाली. रचना हा विषय तेव्हा जर्मन शिक्षक हान्स कोस्लर यांच्या हाती होता. त्यांचा ओढा जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्या शैलीकडे. तरी बार्टोक, झोल्तान कोडाय, दोह्नानी, लेओ वाइनर आणि ऑपेरेटावाले (हलक्याफुलक्या संगीतनाटिका रचणारे) काल्मान असे एकमेकांशी न जुळणारे विद्यार्थी त्यांच्याच वर्गातले.

बार्टोक यांनी १९३४ पर्यंत इथे पियानो शिकवला. रचना शिकवायला मात्र त्यांनी नकार दिला; ती शिकवता येते यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोडाय यांनी उलट रचनेचाच वर्ग चालवला. आपल्याकडे सा कुठल्याही पट्टीत धरता येतो, तसा ‘दो’ (पाश्चात्त्य सप्तकातला पहिला स्वर) सरकता ठेवून स्वर ओळखायला लावणारी पद्धत त्यांनी शालेय शिक्षणात रुजवली. केचकेमेत येथील कोडाय संस्था आज याच अकादमीचा भाग आहे.

खरे वेगळेपण वाइनर यांच्या चेंबर म्युझिकच्या वर्गात दिसते. दोन-चार वादकांनी निर्देशकाशिवाय (हातवाऱ्यांनी वादन चालवणाऱ्या कंडक्टरशिवाय), परस्परांचे ऐकत वाजवायचे, हे इतरत्र पूरक मानले जाते. इथे तो मुख्य विषय झाला. १९२८ मध्ये वाइनर यांनी निर्देशकच नसलेला वाद्यवृंदही उभा केला. पुढे ज्यांची कारकीर्द निर्देशनातच गेली ते जॉर्ज शोल्टी याच वर्गातले, ही गंमतच. नंतरच्या काळात संगीतकार ग्यॉर्ग कुर्ताग यांनी चेंबर म्युझिकचा हा वारसा चालवला. १९५६ मध्ये देश सोडण्यापूर्वी संगीतकार ग्यॉर्ग लिगेती इथे हार्मनी (स्वरांचे एकत्र मेळ) आणि काउंटरपॉइंट (अनेक स्वतंत्र सुरावटी एकत्र गुंफणे) शिकवत.

सध्याची आर्ट नूव्हो (वळणदार, वेलबुट्टीसारख्या नक्षीची) शैलीची इमारत १९०७ ची, कोर्ब आणि गिएर्गल या वास्तुकारांची. मोठ्या दुरुस्तीनंतर ती २०१३ मध्ये पुन्हा खुली झाली. लिस्ट यांचे नाव संस्थेला १९२५ मध्ये मिळाले.

बार्टोक आणि कोडाय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फोनोग्राफ (आवाज मुद्रित करणारे जुने यंत्र) घेऊन खेडोपाडी लोकगीते गोळा केली, पण ती गाणी वाजवायला शिकवण्याची सोय अकादमीत नव्हती. संगीतशास्त्राचा विभाग १९५१ मध्ये निघाला. त्यात लोकसंगीताचा अभ्यास होई, पण तो मुख्यतः संशोधकांसाठी. लोकवाद्ये आणि लोकगायन शिकवणारा स्वतंत्र विभाग सुरू व्हायला २००७ साल उजाडले.