होन, मोहोर, पुतळी : ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहिणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या प्रतिकृतींचा संच जे लेखक घेतात, त्यांच्यासाठी हे पत्रक. भर शिवकाळावर आहे, कारण चुकाही तिथेच जास्त होतात.

सोन्याचे नाणे लेखकाच्या कामी येते ते मुख्यतः वजन आणि मापासाठी. शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचे सोन्याचे नाणे, सुमारे २.८ ग्रॅमचा, व्यास जेमतेम १३ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाहून किंचित मोठा. तळहाताएवढी सोन्याची नाणी ही टीव्ही मालिकांची देणगी. हजार होन म्हणजे २.८ किलो, कमरेच्या थैलीत मावतील, पण धावताना जाणवतील. नायक दहा हजारांची थैली खांद्यावर टाकून तट उतरत असेल, तर त्याच्या खांद्यावर २८ किलो आहेत. लाख होनांचे २८० किलो. एका बैलावर शंभर किलो धरले तरी तीन बैल लागतील.

पण होन एकच नव्हता. सभासद बखरीतल्या खजिन्याच्या यादीत देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई अशी होनांची नावे ओळीने येतात. राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने महाराजांची सुवर्णतुला सुमारे १६,००० होनांची झाली, असे नोंदवले आहे. शिवराई धरला तर हे ४५ किलो भरते, दक्षिणेतला ३.४ ग्रॅमचा होन धरला तर ५४. आकडा तोच, फरक नऊ-दहा किलोंचा! म्हणून नुसते ‘होन’ लिहिण्याआधी कोणता ते ठरवा.

काळही बघा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ असलेला होन १६७४च्या राज्याभिषेकाचा. अफजलखानाच्या (१६५९) किंवा सुरतेच्या (१६६४) प्रसंगात तो आला की जाणता वाचक पुस्तक मिटतो. मोगलांची मोहोर वेगळी: सुमारे ११ ग्रॅम, फारसी अक्षरे, हिजरी सन, टांकसाळीचे नाव. पुतळी म्हणजे व्हेनिसचे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश असे. आपल्याकडे त्या आकृतीवरून नाण्याचे नाव पुतळी झाले आणि ते पुतळ्यांच्या माळेत गुंफले गेले.

बाजारातला प्रसंग लिहिताना भाजीवालीच्या हातात होन देऊ नका, तिथे शिवराई याच नावाचे तांब्याचे नाणे चालायचे. होन मोडायला सराफ हवा. तो नाणे दाताखाली धरत बसत नाही: कसोटीवर रेघ ओढतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून रंग ताडतो, वजन करतो आणि बट्टा, म्हणजे वटणावळ, कापतो. होनाला साधारण साडेतीन रुपये धरतात, पण भाव गावागणिक हलायचा. घासाघीस रंगवायला हीच जागा. ‘आजचे इतके रुपये’ असा हिशेब मात्र कथेत घालू नका.

पुरलेला हंडा सापडला तर आतले तांबे हिरवे पडलेले दाखवा, सोने नाही. शुद्ध सोन्यावर माती चढते, गंज नाही. कथा ब्रिटिश अमलातली, १८७८ नंतरची असेल तर आणखी एक पेच हाताशी आहे: त्या साली झालेल्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवणे भाग होते.

संचातला होन पितळी आहे. माप बरोबर, पण पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही हलके. म्हणून सोबत २.८ ग्रॅमची शिशाची चकती दिली आहे. डोळ्यांसाठी होन, हातासाठी चकती. शिसे हाताळल्यावर हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा.

अस्सल शिवराई होन फार दुर्मीळ. कोणी स्वस्तात दाखवला तर भिंगाखाली कड आणि पृष्ठभाग पाहा: साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खळगे आणि कडेला जोडरेघ दिसते, ठोकून पाडलेल्या नाण्यावर नाही. शिक्का अनेकदा चकतीहून मोठा असे, त्यामुळे अक्षरे काठाबाहेर गेलेली असणे हा दोष नव्हे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत; परदेशातल्या ग्राहकांना आम्ही फक्त प्रतिकृतीच पाठवतो.