चाळीस रुपयांचं पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवसांत महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसं आली होती. गावात चवदार तळं होतं, नगरपालिकेच्या मालकीचं. तरीही परिषदेला आलेल्यांसाठी स्पृश्यांकडून पाणी विकत घ्यावं लागलं. धनंजय कीरांनी आंबेडकरांच्या चरित्रात त्याचा आकडा नोंदवला आहे : चाळीस रुपये. काढून देणारे हात चालत होते, पैसा चालत होता, फक्त पिणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाणी घेणं चालत नव्हतं. अस्पृश्यतेच्या इतिहासात मोर्चे, खून, दंगली पुष्कळ आहेत. मला मात्र ती समजावून सांगताना हा चाळीस रुपयांचा व्यवहारच आधी आठवतो.

कारण महाडच्या तळ्यावर जायला त्या दिवशी कायद्याची बंदी नव्हतीच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला : सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सप्टेंबरात सरकारने तसा हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्याने तिथं ओंजळ भरली नाही. खालच्या संस्था हुकूम पाळत नाहीत हे पाहून बोले यांना १९२६ साली पुन्हा उभं राहावं लागलं, ठराव न पाळणाऱ्या संस्थांची सरकारी मदत थांबवा, असं सांगायला.

२० मार्चला परिषदेतून मिरवणूक निघाली, तळ्यावर गेली आणि लोकांनी पाणी प्यायलं. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळातही हे लोक शिरणार अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. पुढे गावाने तळं ‘शुद्ध’ करून घेतलं : १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते पाण्यात ओतलं, मंत्र म्हटले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याआधी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तळ्याचं भांडण मात्र कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. एका तळ्यासाठी दहा वर्षं.

त्या निकालाचा आधार काय होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. अस्पृश्यता वाईट आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. तळ्याचा वापर फक्त स्पृश्यांनीच करायचा, ही प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढ्यावर अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. प्रथा जुनी असल्याचे पुरावे भक्कम निघाले असते तर? हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

पाणीच का, हे समजायला गावगाड्यात थोडं मागं जावं लागतं. गावकुसाबाहेरची वस्ती नुसती दूर नव्हती, ती कामाला बांधलेली होती. महार हा वतनदार : वेसकर म्हणून वेशीवर राखण, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणं, शिवेच्या भांडणात साक्ष, मेलेलं ढोर ओढून नेणं, मयताचा सांगावा घेऊन पायपीट करणं. बदल्यात थोडी वतनी जमीन, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. इंग्रजांच्या १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधणी मोडली नाही, उलट कागदावर पक्की केली. वतनाची जमीन थोडी आणि कामाला मर्यादा नाही, म्हणून आंबेडकरांनी १९२८ साली दुरुस्ती विधेयक आणलं. ते त्या वेळी पार पडलं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन १९१८ सालीच काढून टाकलं होतं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे राज्यघटना लागू होऊन आठ वर्षं उलटल्यावर.

जो माणूस रोजच्या भाकरीसाठी गावावर अवलंबून आहे, त्याला पाण्यासाठी भांडता येत नाही. खरी मेख इथे होती. म्हणून विहिरीवर कोणी पहारेकरी बसवायची गरजच नसे. वस्तीतली बाई रिकामी घागर घेऊन विहिरीच्या पायरीपासून लांब बसे. पाणी शेंदायला आलेल्या एखादीला दया आली तर ती वरून ओतून देई, घागरीला पोहरा लागणार नाही अशा बेताने. दया आली नाही तर बसून राहायचं. तहानलेला वाटसरू असेल तर ओंजळ पुढे करायची आणि पाणी वरून पडायचं. पाणी मिळतच नव्हतं असं नाही. ते दुसऱ्याच्या मर्जीनं मिळत होतं, आणि ही मर्जी रोज, प्रत्येक घागरीला, नव्याने मागावी लागे.

विरोध नव्हता असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याआधी १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. गोपाळ बाबा वलंगकर, विठ्ठल रामजी शिंदे, शाहू महाराज अशी ही मोठी रांग आहे. शाहूंची एक गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. गंगाराम कांबळे या पागेतल्या नोकराला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि येता-जाता स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्यांनाही पाजला. राजाने चहा पिऊन दाखवला तेव्हा कुठे एका हॉटेलाचा विटाळ फिटला. बाकी गावांना राजा नव्हता.

अस्पृश्यांच्या स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने हक्क बजावणाऱ्यांना गाव कसा धडा शिकवतो, ते स्पष्ट लिहिलं. शेतावरचं काम बंद, खंडाने दिलेली जमीन काढून घेणं, वाटा अडवणं, दुकानदाराने मीठमिरची न देणं. एका शब्दात, बहिष्कार. त्यासाठी हात उचलावा लागत नाही, रक्त सांडत नाही आणि पोलिसांत काय लिहून द्यायचं हेही कळत नाही. गेल्या शंभर वर्षांत अस्पृश्यता टिकली त्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हे हत्यार आहे. धर्मग्रंथांवर आपण पुष्कळ बोललो, किराणा दुकानाच्या बंद दारावर मात्र फार थोडं.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने आजचं कलम १७ मंजूर केलं. ‘अस्पृश्यता’ नष्ट करण्यात आली आहे आणि तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध आहे. हा शब्द कलमात अवतरणचिन्हात आहे. त्याची व्याख्या नाही. सभागृहात नझीरुद्दीन अहमद आणि के. टी. शहा यांनी त्यावर बोट ठेवलं होतं. व्याख्या न करण्याने फायदाही झाला, कारण ज्या ज्या नव्या रूपात ती पुढे येईल ते रूप पकडायला जागा राहिली. पण ते पकडायचं कोणी?

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला तेव्हा कमाल शिक्षा होती सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही. आणि गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा होता. गावात ‘आपसात’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे गावात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तक्रार करणारा ज्याच्या शेतावर मजुरीला जातो, त्याच्याच ओसरीवर ती तक्रार मिटते. १९७६ साली दुरुस्ती होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव आलं, तडजोडीची वाट बंद झाली, शिक्षा वाढली. मधल्या एकवीस वर्षांत पाणवठे जिथल्या तिथे होते.

ते किती तिथेच होते, हे १९७२ च्या दुष्काळाने उघडं केलं. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढली, गावोगाव फिरून विहिरी मोजल्या, कोण कुठून पाणी भरतं ते विचारलं. महाडच्या निकालाला पस्तीस वर्षं झाली होती, घटनेला बावीस. तरी गावाची विहीर वेगळी आणि दलित वस्तीची वेगळी, हे चित्र राज्यभर होतं. नळ आल्यावर काही ठिकाणी ते बदललं, काही ठिकाणी नळच दोन झाले. १९७२ सालीच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ठराव आधी आणि हक्क पुष्कळ नंतर, हा क्रम महाडपासून चालत आलेला आहे.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचताना थांबायला होतं. त्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातलं पाणी घाण करणं हा एक गुन्हा आहे. संसदेला हे लिहावं लागलं, कारण ते घडत होतं. सामाजिक-आर्थिक बहिष्काराचा उल्लेख १९५५ च्या कायद्यात होता खरा, पण अत्याचाराचा स्वतंत्र गुन्हा म्हणून तो या कायद्यात आला २०१५ च्या दुरुस्तीने. स्टार्ट समितीच्या अहवालानंतर पंचाऐंशी वर्षांनी.

कायदा असणं आणि तो लागणं, यातलं अंतर खैरलांजीने दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांचा जमावाने खून केला. आरोपींना शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही. मग २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या अटकेआधी परवानगीची आणि चौकशीची अट घातली. तारीख पुन्हा पाहा, २० मार्च. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८अ घालून ती अट काढली. याच कायद्याचा गैरवापर होतो, असं सांगणारे आजही पुष्कळ भेटतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे नोंदवले. बहिष्काराच्या भीतीने जे पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेच नाहीत, ते या आकड्यात नाहीत.

आता अस्पृश्यता दिसत नाही, असं शहरात ऐकू येतं. टपरीच्या वळचणीला अडकवलेली वेगळी कपबशी गेली, कागदी कप आले, हे खरं. पण विटाळ चौकातून उठून घरात गेला आहे. २०११-१२ मध्ये भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या सुमारे ४२,००० कुटुंबांना विचारलं गेलं, की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीचं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आलं किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरं धरून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता पाळत असल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. अनोळखी माणसासमोर, लिहून घेतलं जात असताना. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं पाच टक्क्यांच्या आसपास होती. पुण्यात २०१७ साली एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती : जात लपवून आमचं सोवळं मोडलं, ही फसवणूक आहे. घटनेचं कलम १७ असलेल्या देशात विटाळ झाला म्हणून फिर्याद द्यायला माणूस ठाण्यात जातो, आणि ठाणं ती लिहून घेतं.

भाड्याचं घर बघायला गेल्यावर आडनाव विचारलं जातं, आडनावावरून कळलं नाही तर ‘गाव कुठलं, देव कुठला’ असं विचारलं जातं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. नाव बदलायला हवंच होतं. पत्ता सांगणाऱ्या मुलाला शाळेत मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी तरी. वस्तीची जागा तीच आहे, बहुतेक ठिकाणी गावाच्या उताराला, जिथे पाणी शेवटी पोचतं आणि सांडपाणी आधी.

सांडपाण्यात उतरायचं काम कोणाकडे आहे, तेही बघू. हाताने मैला उचलण्यावर १९९३ साली बंदी आली, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसांना दहा लाख रुपये द्यायला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. मधल्या नऊ वर्षांत मृत्यू थांबले असते तर रक्कम वाढवायची वेळच आली नसती. शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची मोजणी केंद्र सरकारने अलीकडे सुरू केली. त्यात नोंदलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे निघाले. ज्यांचा हात तळ्याला लागला म्हणून १०८ घागरी ओतल्या गेल्या, त्याच वस्त्यांमधली माणसं आज शहराचं घाण पाणी वाहतं राहावं म्हणून त्यात उतरतात. त्यांना कंत्राटदार नेमतो, नगरपालिकेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं, आणि माणूस गुदमरून गेला की तो आमचा कामगारच नव्हता, असं लेखी उत्तर येतं.