टेबलावरचे रोलर कोस्टर : छंदामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाडाला बांधलेला झोका एकदा जोरात ढकलून सोडून दिला, तर तो दर फेरीला आधीपेक्षा थोडा कमी चढतो. रोलर कोस्टरचे बहुतेक शास्त्र त्या ‘थोडा कमी’मध्ये आहे, आणि त्याचे चालते मॉडेल बांधणाऱ्याची डोकेदुखीही तिथेच आहे. गाडीला इंजिन नसते. साखळीने एकदा वर ओढून सोडली, की स्टेशनात परत येईपर्यंतचा सारा प्रवास तिला त्या उंचीच्या शिदोरीवर करावा लागतो. खऱ्या कोस्टरमध्ये जे मोठे शोध लागले, ते ही शिदोरी पुरावी म्हणून किंवा गाडी रूळ सोडू नये म्हणून लागले. मॉडेल करणाऱ्यासमोर तेच प्रश्न साधारण त्याच क्रमाने उभे राहतात. म्हणून हा इतिहास माहीत असला, तर बरेच साहित्य वाया जायचे वाचते.

सुरुवात बर्फातून झाली. सतराव्या-अठराव्या शतकांत रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लाकडी सांगाड्यावर पाणी ओतून, ते गोठवून उंच घसरगुंड्या केल्या जात. पॅरिसमध्ये बर्फ टिकत नाही. तिथे १८१७मध्ये बेलव्हिल भागात चाकांच्या गाड्या आल्या. त्यांचे आस बाजूच्या खाचेत अडकवलेले असत, म्हणजे गाडी रुळाला बांधून ठेवायची कल्पना तेव्हाच सुचली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे १८२७पासून खाणीतला कोळसा उताराच्या जोरावर खाली यायचा आणि रिकामे डबे खेचरे वर ओढून न्यायची. पुढे त्याच मार्गावर लोक हौसेने बसू लागले. १८८४मध्ये लामार्कस थॉम्प्सनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटच्या तिकिटात ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. वेग जेमतेम ताशी दहा किलोमीटर, आणि टोकाला पोहोचल्यावर प्रवाशांनी उतरायचे, गाडी ढकलून वर न्यायची. पुढच्याच वर्षी, १८८५मध्ये, फिलिप हिंकलने यंत्राने गाडी वर ओढायची सोय केली.

यानंतरचे नाव मॉडेल करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे असे आहे: जॉन मिलर. १९१०च्या सुमारास त्याने चढावर मागे घसरू न देणारा खटका आणला. चढावरच्या टक्-टक् आवाजाचे मूळ तेच. १९१९मध्ये त्याला रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट मिळाले. तेव्हापासून कोस्टरच्या गाडीला तीन प्रकारची चाके असतात: वजन पेलणारी वरची, वळणात सांभाळणारी बाजूची आणि उसळी रोखणारी खालची. मॉडेलमध्ये खालची चाके टाळायचा मोह होतो, कारण तेवढी छोटी चाके बसवणे किचकट आहे. पण पहिल्याच टेकाडाच्या माथ्यावर गाडी उडते. बसवताना खालच्या चाकात आणि रुळात ०.३ ते ०.५ मिमी मोकळी जागा ठेवावी. त्याहून कमी ठेवली, तर रूळ पिळलेला असतो तिथे चाके आवळतात. जास्त ठेवली, तर गाडी खडखडते आणि प्रत्येक खडखडाटात उंचीची शिदोरी संपत जाते.

चाकांसाठी ३×६×२.५ मिमीची ‘एमआर-६३’ किंवा ३×८×४ मिमीची ‘६९३’ बेअरिंग चालतात. नव्या बेअरिंगमध्ये भरलेले ग्रीस मोठ्या यंत्रासाठी ठीक असते, पण दोनशे ग्रॅमच्या गाडीला तेच ब्रेकसारखे अडवते. ते धुऊन काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. उघडी बेअरिंग मात्र घेऊ नयेत. खान्देशातली काळ्या मातीची बारीक धूळ तेलाला चिकटते आणि चार दिवसांत चाक जड होते.

गाडी किती उंची ‘खाते’, हे बांधकामाआधीच मोजता येते, आणि ते न मोजणे ही या छंदातली सर्वात महागडी चूक आहे. दोन मीटरचा सरळ रूळ घेऊन त्याचे एक टोक हळूहळू उचलावे. हलका धक्का दिल्यावर गाडी वेग न वाढवता, न घटवता टोकापर्यंत गेली, की थांबावे. उचललेली उंची ५ सेंमी भरली, तर ही गाडी दर मीटरला अडीच सेंमी खाते. म्हणजे ८० सेंमीच्या चढावरून सुटलेली गाडी १२ मीटरच्या मार्गात निदान ३० सेंमी गमावणार. वळणांत आणि खोलगट भागांत चाकांवरचा दाब वाढतो, तिथली भर वेगळी. प्रत्येक टेकाड आधीच्यापेक्षा किती ठेंगणे हवे, ते या एका आकड्यावरून ठरते.

लूपचा, म्हणजे गाडी उलटी करून नेणाऱ्या उभ्या वळशाचा, इतिहास अपयशांनी भरलेला आहे. पॅरिसमध्ये १८४६मध्ये एक लूप उभा राहिला होता. १८९५चा कोनी आयलंडवरचा ‘फ्लिप फ्लॅप’ अगदी गोल होता, आणि त्यात बसणाऱ्यांच्या मानेवर १२ जीपर्यंत, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या बारापट, भार येई असे सांगितले जाते. १९०१मध्ये लंबगोल लूप आला, पण हे गणित खऱ्या अर्थाने सुटले ते १९७६मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानातल्या ‘रेव्होल्यूशन’साठी आंतोन श्वार्त्सकोफ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा लूप वापरला: तळाशी त्रिज्या मोठी, माथ्याशी लहान. गोल लूपची अडचण साधी आहे. घर्षण सोडून दिले, तरी २० सेंमी त्रिज्येच्या लूपच्या माथ्यावर गाडी नुसती रुळाला टेकून राहायला ५० सेंमी उंचीवरून सुटावी लागते, आणि तळाशी शिरताक्षणी तिच्यावर ६ जीचा भार एकदम पडतो. मॉडेलमध्ये मान मोडायला कुणी बसलेले नसते, तरी तो झटका चाकाच्या पिनांना बसतो. पुढचा आस वाकतो तो नेमका इथेच. खालची चाके असतील, तर कमी वेगातही गाडी माथ्यावरून पडत नाही. पण ती तिथे रेंगाळते आणि एखाद्या फेरीत मागे घसरते. गणितापेक्षा १०-१५ सेंमी उंची जास्तच ठेवावी.

१९५९मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’साठी अ‍ॅरो कंपनीने पोलादी नळीचा रूळ वापरला आणि लाकडी सांगाड्याला पर्याय मिळाला. आजचे बहुतेक मॉडेलवाले याच घराण्यातले. ३ किंवा ४ मिमीची माइल्ड स्टीलची सळई, ३० मिमी गेज (दोन रुळांमधले अंतर) आणि दर २५ ते ३० मिमीवर आडवी पट्टी, हे माप हाताळायला सोपे पडते. गेजचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर पाचोरा–जामनेरच्या जुन्या छोट्या लाइनचे ७६२ मिमी गेज १:२५ मापात साडेतीस मिमी होते. सळई वाकवल्यावर थोडी सुटते, म्हणून हव्या त्रिज्येपेक्षा लहान साच्यावर वाकवावी. दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर आणू नयेत, निदान दोन पट्ट्यांचे अंतर ठेवावे. जोडावर ०.२ मिमीची पायरी राहिली, तरी चाक तिथे ठेचकाळते. टाके मारायला सराफी कामातले चांदीचे डाक आणि टाकणखार उत्तम, पण स्प्रिंगची कडक तार वापरली असेल, तर लालबुंद तापल्यावर तिचा कडकपणा जातो आणि रूळ झोल धरतो. मार्ग ठरवताना १६ मिमीची ठिबकची नळी फार उपयोगी पडते. ती स्वतःहून टोकदार वळत नाही, त्यामुळे वळण आपोआप सुरेख येते. तिचा उपयोग तेवढाच. रूळ म्हणून ती उन्हात ताणते.

छंदाची स्वतःची परंपरा खेळण्यांतून आली. फ्रँक हॉर्नबीने १९०१मध्ये लिव्हरपूलला पेटंट घेतलेले, पुढे मेकॅनो म्हणून गाजलेले भोकांच्या पट्ट्यांचे खेळणे. १९४६पासून जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या फालर कंपनीची छोट्या रेल्वेशेजारी मांडायची मॉडेल, ज्यांत १:८७ मापाचे जत्रेतले पाळणेही आले. १९९०च्या दशकातले केनेक्स हे दांड्या जोडायचे खेळणे. लेगोने २०१८मध्ये ४१२४ तुकड्यांचा आणि २०२२मध्ये दोन लूपचा, ३७५६ तुकड्यांचा संच आणला. दरम्यान २००१मध्ये ‘नोलिमिट्स’ हे सिम्युलेटर आले आणि मार्ग आधी संगणकावर चालवून बघता येऊ लागला. २००५मध्ये सुरू झालेल्या, घरगुती थ्रीडी प्रिंटरच्या ‘रेपरॅप’ प्रकल्पामुळे आणि २००९मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यामुळे थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाले. प्रत्येक आडवी पट्टी वेगळ्या कोनात वळवणे, हे पूर्वी महिन्याचे काम होते. आता ते प्रिंटर करतो.

तरीही एक गोष्ट कोणताच प्रिंटर बदलू शकत नाही. उंची लहान करता येते, गुरुत्वाकर्षण नाही. ४० मीटर उंचीवरून खरी गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग घेते. १:५० मापात तीच उंची ८० सेंमी होते आणि गाडी सेकंदाला जवळपास ४ मीटर धावते. मापाच्या हिशेबाने तिने ०.५६ मीटर धावायला हवे होते. म्हणजे मॉडेलमध्ये काळ सातपट वेगाने धावतो. दोन मिनिटांची फेरी सतरा सेकंदांत संपते. चित्रण मोबाइलवर सातपट संथ करून दाखवले, की पाहणाऱ्याला गाडीचे वजन जाणवते. दुसरी बाजू अशी, की छोट्या चाकांचे घर्षण तुलनेने जास्त असते, त्यामुळे खऱ्या कोस्टरची हुबेहूब नक्कल शेवटपर्यंत पोहोचतच नाही. सुरुवातीच्या वळणांचा कल बरोबर ठरतो आणि शेवटच्या वळणांचा जास्त होतो, कारण गाडी तिथे हळू येते. इथे छंदाच्या दोन वाटा होतात: हुबेहूब रूप आणि लपवलेली मोटर, किंवा बदललेला मार्ग आणि खरा उतार. आमच्या मते दुसरीच वाट खरी कोस्टरची.

खान्देशात याची मुळे जत्रेत आहेत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, धुळ्याला पांझरेकाठी एकवीरेची, अमळनेरला बोरीच्या पात्रातली: आकाशपाळण्याशेजारी ड्रॅगनची गाडी दिसली, की पोरे तिथेच खिळतात. ती गाडी मोटरवर चालते, म्हणून तांत्रिकदृष्ट्या ती कोस्टर नाही. पण चढ-उताराच्या रुळावरची गाडी इथल्या मुलांनी पहिल्यांदा पाहिली ती हीच. दिल्लीत १९८४मध्ये अप्पू घर, मुंबईत गोराईला १९८९मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३मध्ये इमॅजिका सुरू झाले, तेव्हा खरे कोस्टर एका प्रवासाच्या टप्प्यात आले. हातात कसब आधीपासूनच होते. दादरच्या (ज्वारीच्या) चिपाडांच्या आणि भेंडाच्या बैलगाड्या, तारेच्या गाड्या, गणपतीतले हलते देखावे, भुसावळचे रेल्वेचे वातावरण, जळगावच्या एमआयडीसीतले लेथ आणि प्लास्टिकचे काम. चालत्या मॉडेलला याहून वेगळे काही लागत नाही.

इथल्या हवेचा विचार मात्र बाहेरच्या माहितीत सापडत नाही. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ होते आणि सततच्या भाराखाली त्याआधीच वाकू लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते खांब म्हणून टिकत नाही. खांबांना एबीएस किंवा सळईच वापरावी. हिवाळ्यातल्या पहाटेचे १२ अंश आणि उन्हाळ्यातले ४५, एवढ्या फरकात ५ मीटर पोलादी रूळ सुमारे २ मिमी वाढतो. त्यासाठी एक फट तिरपी कापून ठेवावी. सरळ कापली, तर चाक तिच्यात आपटते.

चढासाठी सायकलची साखळी घेऊ नये. १२.७ मिमीचा तिचा दात या मापाला फार भरड पडतो. प्रिंटरमध्ये वापरतात तो २ मिमी दाताचा पट्टा, २० दातांची पुली आणि मिनिटाला २०० फेऱ्यांची १२ व्होल्ट गिअर मोटर लावली, की गाडी सेकंदाला १३ सेंमी चढते. १६० सेंमीचा चढ बारा सेकंदांत पार होतो. भार किरकोळ असतो. एक किलो-सेंमी टॉर्क पुरून उरतो. शेवटच्या ब्रेकला चुंबक आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वापरतात, पण त्याचा जोर वेगासोबत घटतो आणि गाडी पूर्ण थांबत नाही. शेवटच्या वीतभर लांबीत ब्रशचे केसच लागतात.

प्रदर्शनात दोन गाड्या फिरवायच्या असतील, तर मार्गाचे निदान तीन ब्लॉक करावे लागतात, पुढचा ब्लॉक रिकामा असल्याशिवाय गाडी सोडायची नाही. भुसावळकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. गाडी ओळखायला इन्फ्रारेड सेन्सर लावले, तर मांडवात तिरपे ऊन आले की ते फसतात. गाडीखाली छोटे चुंबक आणि रुळाजवळ ते चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर जास्त भरवशाचे. वीज जाणार हे गृहीत धरून ७ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी जोडावी. अर्धा अँपिअर घेणारी मोटर तिच्यावर दिवस काढते. बॅटरीही उतरली, तर चढावरची गाडी खटक्यावर अडकून राहते. वीज परत आल्यावर मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये, पट्ट्याचे दात पुलीवरून उडी मारतात. दोन-तीन सेकंदांत हळूहळू वाढवावे.