निशिझाकाची टेकडी आणि वसईचे संत गोन्सालो

नागासाकीच्या रेल्वे स्थानकाजवळ निशिझाका नावाची छोटी टेकडी आहे. तिथे 1962 मध्ये सव्वीस रक्तसाक्षींचं, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांचं, स्मारक आणि संग्रहालय उभं राहिलं. स्मारकभिंतीवर ओळीने असलेल्या सव्वीस कांस्यमूर्तींत एक आपल्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांची आहे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी ते जेझुइट पाद्रींबरोबर जपानला गेले, पुढे व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. जपानी उत्तम बोलत, म्हणून 1593 मध्ये दुभाषी होऊन पुन्हा जपानला पोचले. वसईजवळच्या गास गावचं चर्च आणि वसईतलं कॉलेज त्यांच्या नावाचं आहे.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर आला. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या काही सरदारांनी त्याचं स्वागत केलं. त्यात श्रद्धा होती, तसा पोर्तुगीज जहाजांच्या व्यापाराचा लोभही होता. बाप्तिस्मा घेतलेल्या ओमुरा सुमितादा या सरदाराच्या मुलखात बौद्ध मंदिरं आणि शिंतो देवस्थानं पाडली गेली, हेही विसरता कामा नये. देशावर पकड बसवत असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने 1587 मध्ये पाद्रींना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण व्यापार हवा असल्यामुळे तो बराचसा कागदावरच राहिला. मग 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यावरचा माल जप्त झाला. आधी पाद्री येतात आणि मागून सैन्य येतं, अशी बढाई जहाजावरच्या कुणीतरी मारली म्हणतात. नेमकं काय बोललं गेलं यावर वाद आहे. हिदेयोशीच्या मनात संशय मात्र खरोखरच होता.

क्योतो आणि ओसाकात चोवीस ख्रिस्ती लोकांना पकडलं. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांतून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात धरले गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी सगळ्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारलं. वीस जण जपानी होते. लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

भाल्यांचा हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्यानंतरचा काळ जास्त भयानक वाटतो. हिदेयोशीनंतर आलेल्या तोकुगावा राजवटीने 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि छळाचं रूपांतर रोजच्या कारभारात झालं. प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नोंद करावी लागे. पाच-पाच घरांचे गट पाडले गेले. एका घराच्या गुन्ह्याची शिक्षा पाचांना. पाद्री दाखवून देणाऱ्याला इनाम मिळेल, असे फलक गावोगाव लागले. नागासाकीत दर नववर्षाला येशू किंवा मरियेची प्रतिमा पायाने तुडवून दाखवावी लागे. तिला ‘फुमिए’ म्हणत. रक्त न सांडताही माणसाला दरवर्षी आतून मोडणारी ही रीत दोन शतकांहून अधिक काळ चालली. म्हणूनच संग्रहालयात मला सर्वांत बोलकी वाटते ती ‘मारिया कान्नोन’: बाहेरून बौद्ध करुणादेवी कान्नोन, घरातल्यांसाठी मरिया.

याच संग्रहालयात झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेलं एक पत्र आहे. मराठी माणसाला तिथे गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. याच झेवियर यांनी 1546 मध्ये राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणण्याची मागणी केली होती. ते 1560 मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. नवख्रिस्ती घरांत जुन्या चालीरीती टिकल्या आहेत का, याची झडती तिथे पाद्रीच घेत होते. निशिझाकाचं दुःख याने कमी होत नाही, पण एकाच काळातल्या या दोन गोष्टी मी वेगळ्या वाचू शकत नाही.

मार्च 1865 मध्ये उराकामी गावचे काही लोक नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना आपली श्रद्धा हळूच सांगितली. सात पिढ्या लपवलेलं उघड झालं. सरकारने 1867 पासून धरपकड सुरू केली, तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं आणि त्यांतले सहाशेंहून अधिक दगावले. पाश्चात्त्य देशांच्या दबावामुळे 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. उरलेले लोक गावी परतले. ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांना प्रतिमा तुडवायला लावत, ती जागा त्यांनी पुढे विकत घेतली आणि तिथेच उराकामीचं मोठं चर्च बांधलं.